पायदळातील पदकप्राप्त अधिकाऱ्याची कारकीर्द कशी लिहावी : मेजर सोमनाथ शर्मा यांच्या उदाहरणाने

गावच्या हायस्कूलचा अमृतमहोत्सव, चौकातील स्मारकाचे अनावरण, माजी सैनिक संघटनेची स्मरणिका किंवा एखाद्या कुटुंबाने छापायचे ठरवलेले छोटे चरित्र, अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने महाराष्ट्रात दरवर्षी शौर्यपदक मिळवलेल्या सैन्याधिकाऱ्यांवर पुष्कळ लिहिले जाते. लिहिणारा बहुधा शिक्षक, स्थानिक वार्ताहर किंवा घरातलाच कोणी जाणता माणूस असतो. त्याच्याजवळ आदर भरपूर असतो आणि कागदपत्रे थोडी. मग ‘शत्रूला सळो की पळो करून सोडले’, ‘प्राणांची बाजी लावली’ अशी वाक्ये आपोआप उतरत जातात, आणि त्या अधिकाऱ्याकडे त्या दिवशी कोणते काम सोपवलेले होते, त्याने नेमके काय केले आणि ते काम फसले असते तर काय ओढवले असते, हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. ही उणीव कशी टाळावी, हे येथे एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे क्रमाने सांगितले आहे.

पायदळाच्या अधिकाऱ्याबद्दल लिहिताना एक गोष्ट प्रथम मनात पक्की करावी लागते. कंपनीचा, म्हणजे साधारण शंभर जवानांच्या तुकडीचा, कमांडर स्वतः क्वचितच गोळी झाडतो. त्याचे खरे शस्त्र म्हणजे त्याच्या हाताखालची कंपनी. जागा निवडणे, मारा कोणत्या दिशेला व्हावा हे ठरवणे, दारूगोळा योग्य हाती पोहोचवणे, मागे हटायचे की थांबायचे याचा निर्णय घेणे, ही त्याची कामे आहेत आणि गोळ्यांच्या वर्षावात ती करत राहणे हे त्याचे शौर्य आहे. लेखात हे नेतृत्व दिसले नाही, तर अधिकारी आणि एकटा लढणारा वीर यांत फरक उरत नाही.

उदाहरण म्हणून मेजर सोमनाथ शर्मा यांची काश्मीरमधील बडगामची लढाई घेतली आहे. 3 नोव्हेंबर 1947 रोजी कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनच्या ‘डी’ कंपनीचे नेतृत्व करताना त्यांना वीरमरण आले आणि स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर देण्यात आले. त्यांच्यावर इतके लिहिले गेले आहे की माहिती सहज मिळते. आणि त्या माहितीत इतक्या ठिकाणी तफावत आहे की ती कशी हाताळावी हे शिकायलाही हेच प्रकरण सोयीचे पडते.

पहिला कागद : सायटेशन

शौर्यपदकाबरोबर जो अधिकृत मजकूर प्रसिद्ध होतो त्याला लष्करात सरसकट सायटेशन म्हणतात. लेखनाची सुरुवात येथूनच करावी. स्वातंत्र्योत्तर पदकांचा हा मजकूर संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारविषयक संकेतस्थळावर आणि भारताच्या राजपत्रात शोधता येतो. रेजिमेंटचे केंद्र हा दुसरा दरवाजा आहे. कुमाऊँ रेजिमेंटचे केंद्र रानीखेतला आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला आणि महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला. अर्ज कुटुंबाच्या नावाने गेला तर उत्तर लवकर येण्याची शक्यता अधिक, म्हणून तो वीरपत्नी, मुलगा किंवा भाऊ यांच्या सहीने पाठवावा. कुटुंबाचा पत्ताच हाती नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे विचारणा करावी. स्वातंत्र्यापूर्वीच्या पदकांसाठी ‘लंडन गॅझेट’चे जुने अंक इंटरनेटवर पाहता येतात, आणि दुसऱ्या महायुद्धातील अनेक पदकांच्या मूळ शिफारशी लंडनजवळ क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

सायटेशन हाती आले की त्याची संपूर्ण प्रत स्वतःच्या हाताने उतरवून काढावी, कारण उतरवताना प्रत्येक क्रियापदावर थांबावे लागते. त्याच कागदावर कृतीची तारीख आणि राजपत्रातील घोषणेची तारीख अशा दोन तारखा वेगळ्या नोंदवाव्यात. परमवीर चक्राची स्थापना 26 जानेवारी 1950 रोजी झाली आणि ते 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या कृत्यांना लागू करण्यात आले. म्हणजे बडगामला शर्मा लढत होते तेव्हा हे पदक अस्तित्वातच नव्हते. ‘परमवीर चक्राचे स्वप्न उराशी बाळगून’ अशा थाटाचे वाक्य भाषणात टाळ्या मिळवून जाईल, पण ते घडणे अशक्य होते.

सायटेशनचे स्वरूपही ओळखून असावे. वरिष्ठांनी, साक्षीदारांच्या सांगण्यावरून, पदकाची शिफारस पटावी म्हणून लिहिलेला तो मजकूर असतो. अधिकाऱ्याने प्रत्यक्ष काय केले याबाबतीत तो बहुधा भरवशाचा असतो, कारण ते पाहणारे जवान जिवंत परतलेले असतात. वेळा, अंतरे आणि शत्रूची संख्या यांबाबतीत मात्र तो तितकासा भक्कम नसतो.

कारकीर्दीचा पट आणि पलटणीच्या नावाचा घोळ

पुढचे काम म्हणजे जन्मापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा कालपट तयार करणे. शर्मांचा जन्म 31 जानेवारी 1923 रोजी कांगडा भागात, आजच्या हिमाचल प्रदेशात झाला. वडील लष्कराच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी होते. नैनितालचे शेरवूड कॉलेज आणि देहरादूनचे प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. 22 फेब्रुवारी 1942 रोजी त्यांना 19व्या हैदराबाद रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये कमिशन मिळाले. ब्रह्मदेशातील आराकान मोहिमेत ते लढले आणि तेथील कामगिरीबद्दल युद्धवृत्तांतात त्यांचा नामोल्लेख झाला. 31 ऑक्टोबर 1947 रोजी त्यांची कंपनी विमानाने श्रीनगरला उतरली आणि चौथ्या दिवशी सगळे संपले. मृत्यूसमयी त्यांचे वय 24 होते. 24 वर्षांचा मेजर आज विचित्र वाटतो. पण महायुद्धात झपाट्याने वाढलेल्या सैन्याला अधिकारी कमी पडत होते आणि 1947 साली इंग्रज अधिकारी निघून जात होते, एवढे एक वाक्य लिहिले की वाचकाचे कोडे सुटते.

येथे नवखा लेखक हमखास अडखळतो तो पलटणीच्या नावापाशी. 1942 च्या कागदावर हैदराबाद रेजिमेंट आणि 1947 च्या कागदावर कुमाऊँ रेजिमेंट असे पाहून शर्मांची बदली झाली असावी असा अंदाज बांधला जातो. ‘हैदराबाद’ वाचून कोणी त्यांना निजामाच्या फौजेतही नेऊन बसवतो. वस्तुस्थिती अशी की 19व्या हैदराबाद रेजिमेंटचे मूळ निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या फौजेत होते. पुढे तिच्यात कुमाऊँच्या डोंगराळ भागातील जवान मोठ्या प्रमाणात भरती होऊ लागले आणि ऑक्टोबर 1945 मध्ये रेजिमेंटचे नावच कुमाऊँ झाले. महायुद्धानंतर आठव्या बटालियनला चौथी हा क्रमांक मिळाला. त्याआधीची चौथी बटालियन मलायाच्या मोहिमेत जपान्यांपुढे संपली होती, आणि तिच्यात लढताना पडलेले कॅप्टन कृष्णदत्त वासुदेव हे शर्मांचे सख्खे मामा. भाच्याने हीच रेजिमेंट का निवडली, याचे उत्तर बटालियनच्या क्रमांकाच्या शोधातून असे अवचित हाती लागते.

मराठी लेखकाला हाच पेच मराठा पलटणींबाबत पडतो. ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाणारी बटालियन पहिल्या महायुद्धाच्या कागदांत 103वी मराठा लाइट इन्फन्ट्री आहे आणि 1922 च्या पुनर्रचनेनंतर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. त्यामुळे ज्या वर्षाची घटना लिहायची त्या वर्षी पलटणीचे जे नाव होते तेच लिहावे आणि आजचे नाव तेथल्या तेथे एकदा सांगून टाकावे.

कालपट करताना अधिकाऱ्याच्या आसपासची माणसेही टिपत जावे. आराकानमध्ये शर्मांच्या बटालियनचे प्रमुख होते के. एस. थिमय्या. ही बटालियन ज्या 51व्या ब्रिगेडमध्ये होती तिच्या तिन्ही बटालियनांचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, कोल्हापूरकडचे शंकरराव पाटील थोरात आणि एल. पी. सेन. जानेवारी 1945 मधील कांगॉच्या लढाईसाठी तिघांनाही डी. एस. ओ. (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हे ब्रिटिश पदक मिळाले. नोव्हेंबर 1947 मध्ये श्रीनगरच्या बचावाची जबाबदारी असलेल्या 161व्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर होते ते हेच सेन. हात प्लास्टरमध्ये असलेल्या तरुण मेजरवर सेनांनी भिस्त का ठेवली असेल, याचा अंदाज करण्याचे काम वाचकावर सोडावे, पण त्यासाठी लागणारी साखळी त्याच्यापुढे मांडून ठेवावी.

नकाशा आणि घड्याळ

लढाईचे वर्णन लिहायला घेण्यापूर्वी नकाशा उघडून बसावे. बारामुल्ला श्रीनगरच्या वायव्येला आहे आणि पाकिस्तानच्या बाजूने काश्मीरवर चालून आलेल्या टोळीवाल्यांचा मुख्य लोंढा त्या रस्त्याने येत होता. गुलमर्ग पश्चिमेला आहे. श्रीनगरचा विमानतळ शहराच्या दक्षिण अंगाला आहे आणि बडगाम त्याच्यापासून काही किलोमीटरवर. भारतीय तुकड्यांचे लक्ष बारामुल्ला रस्त्यावर असताना शत्रूने गुलमर्गच्या बाजूने वळसा घातला, तर तो बडगाममार्गे थेट विमानतळाच्या तोंडाशी येतो, हे नकाशावर बोट ठेवताच दिसते. 27 ऑक्टोबरपासून सैन्य, दारूगोळा, शिधा हे सगळे डाकोटा विमानांनी येत होते. धावपट्टी गेली असती तर कुमक थांबली असती आणि खोऱ्यात उतरलेले सैन्य तेथेच अडकले असते. हा परिच्छेद लढाईच्या वर्णनाआधी येणे आवश्यक आहे. बडगामच्या शेतांत तासन्‌तास टिकून राहण्याला अर्थ येतो तो या धावपट्टीमुळे, आणि तो अर्थ आधी कळलेला नसेल तर पुढचा सारा पराक्रम हट्टासारखा दिसू लागतो.

नकाशाशेजारी घड्याळ मांडावे, म्हणजे त्या दिवसाच्या वेळा एकाखाली एक लिहाव्यात. सायटेशननुसार कंपनीला बडगामपर्यंत लढाऊ गस्तीवर पाठवले होते, ती 3 तारखेला पहाटे उजाडता तेथे पोहोचली आणि 11 वाजता तिने गावाच्या दक्षिणेला मोर्चा धरला. अन्य प्रसिद्ध वृत्तांतांत असे येते की सकाळी गस्तीवर आणखी तुकड्या होत्या, शत्रू दिसला नाही म्हणून दुपारी त्या टप्प्याटप्प्याने परत बोलावल्या गेल्या, आणि शर्मांची कंपनी मागे राहिलेली असताना 2 वाजून 35 मिनिटांनी गोळीबार सुरू झाला. घाईने वाचणारा 11 ही हल्ल्याची वेळ समजतो आणि लढाई साडेतीन तासांनी लांबवतो. वेळा एकाखाली एक मांडल्या की ही चूक लगेच उघडी पडते.

सायटेशनचे एकेक वाक्य उकलणे

सायटेशनची वाक्ये आखूड असतात, कारण ती लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्या वरिष्ठांनीही लढाया पाहिलेल्या असतात. सामान्य वाचकासाठी ती उकलावी लागतात, आणि लेखकाने सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा. बडगामच्या सायटेशनमधील दोन वाक्ये घेऊ.

एका वाक्यात असे म्हटले आहे की शर्मांनी शत्रूच्या डोळ्यांदेखत कापडी पट्ट्या अंथरून आपल्या विमानांना लक्ष्य दाखवले. यातील धोका आजच्या वाचकाच्या ध्यानात येत नाही. वरून वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला शेतात पडलेला माणूस आपला की परका हे कळणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून जमिनीवर रुंद कापडी पट्ट्या ठरलेल्या पद्धतीने अंथरून आपली जागा आणि शत्रूची दिशा दाखवली जाई. पट्टी झाडाखाली किंवा बांधाच्या आडोशाला टाकून उपयोग नाही. ती आकाशातून दिसायची तर उघड्या रानातच अंथरावी लागते, आणि आकाशातून दिसणारी जागा समोरच्या बंदुकांनाही दिसते. पट्टी चुकीची पडली तर आपल्याच विमानाचा मारा आपल्याच खंदकांवर होण्याची भीती वेगळीच. एवढे लिहिले की ‘जिवाची पर्वा न करता’ हे शब्द वापरण्याची गरज उरत नाही.

दुसरे वाक्य याहून महत्त्वाचे आहे. जवान पडत गेल्याने हलक्या मशीनगनचा मारा मंदावू लागला, तेव्हा डावा हात प्लास्टरमध्ये असलेला हा अधिकारी स्वतः मॅगझिने भरून गनरांना देऊ लागला. कंपनी कमांडरने मॅगझिने भरण्यात शौर्य कोणते, असा प्रश्न शाळकरी मुलगा विचारील आणि तो रास्त आहे. उत्तर ब्रेन गन या हलक्या मशीनगनच्या रचनेत आहे. या गनवर दोन माणसे लागतात : नंबर वन नेम धरून मारा करतो, आणि नंबर टू भरलेले मॅगझिन चढवतो व रिकामे भरत राहतो. मॅगझिनमध्ये जागा 30 काडतुसांची. गन सलग चालवली तर ते चार सेकंदांच्या आत रिकामे होते. थांबूनथांबून झाडले तरी फार पुरत नाही. नंबर टू पडला की नंबर वनला नेम सोडून मॅगझिन भरत बसावे लागते, म्हणजे गन असून नसल्यासारखी. त्यात .303 काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेली एक कडा असते. भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे बसवावी लागते. मागे राहिली तर गन अडकते. दोन धड हात असलेल्या माणसालाही हे काम घाईत नीट जमत नाही.

आता ते दृश्य पुन्हा पाहावे. तिन्ही बाजूंनी हल्ला आलेला आहे, सेक्शनांचे, म्हणजे कंपनीतील लहान तुकड्यांचे, जवान एकामागून एक पडत आहेत, आणि कंपनी टिकायची तर ब्रेन गन चालू राहिल्या पाहिजेत हे कमांडरने अचूक ओळखले आहे. द्यायला मोकळा माणूस नाही, म्हणून तो स्वतः बसतो. डावा हात प्लास्टरमध्ये, काडतुसांची खोकी उघडी पडलेली, भरलेले मॅगझिन घेऊन एका गनकडून दुसऱ्या गनकडे जायचे आणि परत येऊन पुढचे भरायचे. याच खोक्यांच्या मध्ये उखळी तोफेचा गोळा पडला आणि दारूगोळ्याच्या स्फोटात त्यांचा अंत झाला. सायटेशन या सगळ्याला तीन-चार ओळी देते. चरित्रात याला दोन पाने द्यायला हरकत नाही, आणि बालपणाला अर्धे पान पुरते.

त्यांच्या शेवटच्या संदेशाबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण मराठीत येईपर्यंत तो दर वेळी वाढत जातो. मृत्यूच्या काही क्षण आधी ब्रिगेड मुख्यालयाला मिळालेल्या त्या संदेशाचा आशय असा : शत्रू आमच्यापासून अवघ्या 50 यार्डांवर आहे, आम्ही संख्येने फारच कमी आहोत, आमच्यावर भयानक मारा होत आहे, मी एक इंचही मागे हटणार नाही आणि शेवटचा माणूस व शेवटची गोळी असेपर्यंत लढेन. एवढाच मजकूर आहे. त्यात मातृभूमीचा जयजयकार नाही, निरोप नाही, आईची आठवण नाही. मृत अधिकाऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा मोह कितीही उदात्त असला, तरी तो आवरावा. 50 यार्ड म्हणजे सुमारे 45 मीटर, एवढी भर मात्र जरूर घालावी.

आकडे तपासून घ्यावेत

शत्रूची संख्या सायटेशनमध्ये अंदाजे 500 आहे आणि अनेक वृत्तांतांत 700. त्याच सायटेशनमध्ये सातास एक असे प्रमाणही दिले आहे. 500 ला 7 ने भागले तर 71 येतात आणि 700 ला भागले तर 100. रायफल कंपनीचे संख्याबळ साधारण शंभराच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले की 700 हा आकडा कोठून आला असावा याचा अदमास येतो; मात्र भागाकार जुळला म्हणून तो पुरावा ठरत नाही. लेखात ‘सायटेशननुसार सुमारे 500, अन्य वृत्तांतांनुसार 700’ असे सरळ लिहावे.

सहा तासांचा उल्लेखही असाच जपून हाताळावा. सायटेशन एके ठिकाणी म्हणते की शत्रू सहा तास रोखला गेला आणि त्या अवधीत श्रीनगरच्या वाटेवरील हमहोम येथे कुमक जागेवर पोहोचली. पुढे म्हणते की अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर सहा तास जवान लढत राहिले. दोन्ही विधाने एकाच वेळी अक्षरशः खरी धरली आणि हल्ला 2 वाजून 35 मिनिटांनी सुरू झाला असे मानले, तर लढाई रात्री साडेआठच्याही पुढे जाते, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला श्रीनगरला सहाच्या सुमारास अंधार पडू लागतो. अशा वेळी नवा सिद्धान्त मांडू नये. निश्चित आहे तेवढे लिहावे. कमांडर पडल्यावरही कंपनी जागा धरून राहिली, उरलेले जवान जवळजवळ पूर्ण वेढले गेल्यावरच मागे आले, आणि तोवर विमानतळाकडे जाणारी फट बुजवली गेली होती.

सोबतची माणसे

अधिकाऱ्याच्या चरित्रात जवानांची नावे आली नाहीत तर ते चरित्र अपुरे आहे, असे माझे ठाम मत आहे. बडगामला शर्मांखेरीज एक कनिष्ठ राजादिष्ट अधिकारी (जेसीओ) आणि वीस जवान कामी आले. त्याच लढाईत मशीनगनवर असलेल्या शिपाई दिवानसिंह यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. मेजर मॅगझिने भरत होते ती अशाच गनरांसाठी, त्यामुळे या दोन पदकांचे सायटेशन शेजारी ठेवून वाचावे. एकाच लढाईतील दुसऱ्या पदकाच्या सायटेशनमध्ये आपल्या अधिकाऱ्याबद्दल एखादा उपयोगी तपशील पुष्कळदा सापडतो.

साक्षीदार हयात असतील तर त्यांची भेट घ्यावी. ‘तुम्हाला त्या क्षणी काय वाटले?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर बहुधा ऐकून पाठ झालेले असते. ‘सुभेदार साहेब, तुमची प्लाटून कंपनीच्या कोणत्या अंगाला होती? साहेब तुमच्याकडे आले तेव्हा कोणत्या बाजूने आले? पाणी शेवटचे कधी मिळाले?’ असे विचारावे. जागा, दिशा, तहान, थंडी या गोष्टी शरीराच्या लक्षात राहतात, आणि त्या सांगताना बाकीचेही आठवत जाते. मुलाखत वीरपत्नीची असेल तर ती एका बैठकीत उरकण्याची घाई करू नये, पत्रे व फोटो घरातच पाहून तेथेच त्यांची प्रत करावी, आणि कोणते पत्र छापायचे हा निर्णय कुटुंबावर सोडावा.

आठवणी आणि आख्यायिका यांच्या सीमेवरचे प्रसंग वेगळे काढून ठेवावेत. आराकानमध्ये शर्मा जखमी झालेल्या आपल्या ऑर्डर्लीला (सेवेत असलेल्या जवानाला) खांद्यावरून आणत होते, मागे रेंगाळू नका असे थिमय्यांनी बजावले, तरी त्यांनी त्याला सोडले नाही, असे सांगितले जाते. मृतदेह सापडला तेव्हा खिशातील गीतेच्या पानांवरून आणि पिस्तुलाच्या चामडी म्यानावरून ओळख पटली, हेही सांगितले जाते. असे प्रसंग गाळू नयेत, माणूस त्यांतूनच दिसतो. पण ‘सांगितले जाते’ हे शब्द मात्र राहू द्यावेत. एक धागा मराठी वाचकाला विशेष जवळचा आहे. परमवीर चक्राची रचना करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी विवाह करून भारतीय झालेल्या विदुषी. त्यांची कन्या सोमनाथ यांचे बंधू सुरिंद्रनाथ यांना दिलेली होती. पदकावरील इंद्राच्या वज्राची आणि दधीचीची कथा लिहिताना हा संबंध जरूर द्यावा, पण तो योगायोग म्हणूनच.

पदके, हुद्दे आणि मसुदा

पदकांच्या नावांत मराठी वृत्तपत्रे फार गोंधळ घालतात. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही शत्रूसमोरील शौर्यासाठी आहेत. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र ही शत्रूसमोरच्या युद्धाखेरीज दाखवलेल्या शौर्यासाठी. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक 2015 मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना पडले, त्यांना शौर्य चक्र मिळाले ते या दुसऱ्या वर्गात. ‘वीर चक्र’ असे लिहिणे साफ चूक ठरेल. 1967 पूर्वीच्या कागदांत या दुसऱ्या वर्गाची नावे अशोक चक्र वर्ग 1, 2 आणि 3 अशी आढळतील. सेना पदक शौर्यासाठीही मिळते आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही, म्हणून राजपत्रात कोणता शब्द आहे ते पाहावे. परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदके ही सेवेसाठी असतात. त्यांची नावे भारदस्त असली तरी त्यांना शौर्यपदकांच्या ओळीत बसवू नये.

अलीकडच्या कारवाईवर लिहायचे असेल तर चौक्यांच्या जागा, गस्तीचे मार्ग आणि सेवेत असलेल्या सहकाऱ्यांची नावे लेखात आणू नयेत. राजपत्रात प्रसिद्ध झाले आहे तेवढ्यावरच थांबावे.

मसुदा झाला की एकदा फक्त विशेषणे खोडत वाचावे. अजोड, अतुलनीय, अद्वितीय ही तिन्ही एका परिच्छेदात आली असतील तर तेथे एखादी कृती सांगायची राहून गेली आहे असे समजावे आणि टिपणांकडे परतावे. त्यानंतर मसुदा तिघांना दाखवावा : कुटुंबातील एकाला, रेजिमेंट केंद्राला आणि पायदळात प्रत्यक्ष सेवा केलेल्या एखाद्या निवृत्त सुभेदाराला. पहिला नातेसंबंधांच्या आणि नावांच्या चुका काढतो, केंद्र तारखा आणि पलटणीचे क्रमांक तपासते, आणि सुभेदार साहेब ‘अशी गन तिथे लावतच नाहीत’ असे सांगून एखादा आख्खा परिच्छेद वाचवतात.

शेवटी हुद्दा. लेखाच्या शीर्षकात, फोटोच्या ओळीत आणि फलकावर कृतीच्या वेळचा हुद्दा आधी लिहावा. कारवारकडचे राम राघोबा राणे मराठीत सर्वत्र ‘मेजर राणे’ म्हणून ओळखले जातात, पण एप्रिल 1948 मध्ये राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून देताना ते सेकंड लेफ्टनंट होते, आणि तेही पायदळात नव्हे तर बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलात. त्यांच्या फोटोखाली ‘सेकंड लेफ्टनंट (पुढे मेजर) राम राघोबा राणे, परमवीर चक्र, बॉम्बे सॅपर्स’ असे हवे. शर्मांच्या फोटोखाली ‘मेजर सोमनाथ शर्मा, परमवीर चक्र (मरणोत्तर), चौथी बटालियन, कुमाऊँ रेजिमेंट’.